अण्णांचं डोकं आणि टचपॅडची उडी

धाराशिवला कशाला चाललात, असं मला बसमध्ये तिघांनी विचारलं आणि तिघांनाही मी वेगवेगळी थाप मारली. पहिल्याला म्हटलं, तुळजापूरला दर्शनाला. दुसऱ्याला म्हटलं, जमिनीच्या मोजणीचं काम आहे. तिसरे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांना म्हटलं, भाच्यासाठी मुलगी बघायला. तर त्यांनी येडशी येईपर्यंत दोन स्थळं सुचवली आणि माझा फोन नंबरही घेतला. खरं कारण सांगायची सोयच नव्हती. खरं कारण असं, की एका बाईच्या लॅपटॉपवरचा बाण उड्या मारत होता आणि त्यापायी एका उपसरपंचांचं डोकं बोकडाच्या धडावर जाऊन बसलं होतं.

हे जरा नीट सांगतो. मी पुण्यात एका विमा कंपनीच्या संगणक विभागात काम करतो. त्याचा मला पगार मिळतो. संध्याकाळी मी दुसरं एक काम करतो, त्याचे कुणी काही देत नाही आणि म्हणूनच ते मी मन लावून करतो. लिनक्स नावाची संगणक प्रणाली आहे, जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही फुकट वापरावी अशी. लॅपटॉपवर कळांच्या खाली गुळगुळीत चौकोन असतो ना, ज्यावर बोट फिरवलं की पडद्यावरचा बाण हलतो, तो टचपॅड. त्यावर फिरणाऱ्या बोटांचा अर्थ लावणारा प्रणालीतला जो भाग आहे, तो सुधारणाऱ्या मूठभर लोकांत मी एक. त्यातही माझ्याकडे तळहाताचं खातं. टाइप करताना तळहात पॅडला टेकतो, तो बोट समजून बाण भरकटू नये, हे बघणं माझं काम. त्यासाठी मी एक नियम लिहिला होता: मोठा, पसरट स्पर्श म्हणजे तळहात, तो सोडून द्यायचा, लहान, आटोपशीर स्पर्श म्हणजे बोट, त्याचं ऐकायचं. या नियमाचा मला फार अभिमान होता. तो मी बायकोलाही वाचून दाखवला होता.

आणि मग आमच्या तक्रारींच्या पानावर मराठीत एक तक्रार आली. "तुमचा टचपॅड आपल्या मनानं उडायलाय. त्यानं उपसरपंचाचं डोकं बोकडाला बसलं. माझं दुकान जायची वेळ आली. फोटो जोडलाय." आमच्यातल्या इतरांनी यंत्राकडून भाषांतर करून घेतलं. थंड देशात राहणारा आमचा एक सहकारी आहे, फार सज्जन माणूस, त्यानं मला विचारलं, की ही बाब पशुवैद्यकाकडे पाठवायची आहे का?

फोटो मी मोठा करून बघितला. चौकात लावलेला भला मोठा फ्लेक्स. 'भव्य शेळी व बोकड प्रदर्शन.' वरच्या रांगेत मान्यवरांचे गोल फोटो, त्यातला एक गोल रिकामा. मध्यभागी काळाभोर, तुकतुकीत उस्मानाबादी बोकड, गळ्यात झेंडूचा हार. आणि हाराच्या वर, जिथं बोकडाचं तोंड असायला हवं तिथं, काळा गॉगल लावून हसणारे एक गृहस्थ. खाली लिहिलं होतं, 'आपले लाडके नेतृत्व.'

मी बाईंना फोन लावला. नाव सुरेखा. मी त्यांना म्हटलं, लॅपटॉपवर अमुक एक आज्ञा चालवा, त्यातून जी नोंद मिळेल ती पाठवा. त्या म्हणाल्या, "सर, मी काय खोटं बोलायले का? तुमचंच यंत्र हाय. या की बघायला."

बायको म्हणाली, "घरातल्या पंख्याचं रेग्युलेटर दिवाळीपासून बिघडलंय. आणि तू मराठवाड्यात माऊस धरायला निघालास."

धाराशिव

सकाळी बसमधून उतरलो. स्टँडवर, दुकानांच्या पाट्यांवर, तिकिटांवर गावाची दोन्ही नावं सुखानं नांदत होती; माणसं समोरचा बघून त्यातलं एक वापरतात. लॉजवर पिशवी टाकली आणि इथले गुलाबजाम खायला गेलो, कारण ते खाल्ल्याशिवाय परत आलास तर दार उघडणार नाही, असं ऑफिसातल्या एका धाराशिवकरानं बजावलं होतं. दुकानदारानं मी काही बोलायच्या आत वाटीत एक गुलाबजाम घालून पुढं केला. "आधी खाऊन बघा. न्हाय आवडला तर जावा." पुण्यात मिठाईच्या दुकानात मी एकदा चव बघायला मागितली होती, तेव्हा काउंटरवरच्या माणसानं माझ्याकडे मी त्याची किडनी मागितल्यासारखं बघितलं होतं. इथं मी दोन खाल्ले आणि वर पाव किलो बांधून घेतले. ते बांधलेले लॉजवर पोचलेच नाहीत.

मग तेरच्या रस्त्याला लागणाऱ्या एका गावाची बस पकडली. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. उपसरपंच अजून पदावर आहेत आणि त्यांच्याकडे माझा नंबर आहे.

सुरेखाताईंचा गाळा

चौकाला लागून ग्रामपंचायतीचे चार-पाच गाळे. एका टोकाला 'सुरेखा ग्राफिक्स'. आत लॅमिनेशनचं मशीन, झेरॉक्सचं मशीन, कागद कापायची भली मोठी सुरी आणि उरलेल्या चिंचोळ्या फळीवर आमची फुकटची प्रणाली चालणारा लॅपटॉप. माऊस फिरवायला जागा म्हणून नाहीच. पंचक्रोशीतले वाढदिवस, लग्नं, निवडी, दहावे, सगळे या फळीवर जन्माला येतात आणि मोबाइलवरून धाराशिवच्या छापखान्यात जातात. सुरेखाताई तिशीतल्या, बोलायला आणि हाताला सारख्याच झपाट्याच्या. यजमान ईट गावात खव्याच्या भट्टीवर कामाला, आठवड्यातून एकदा घरी येणारे.

"बसा," म्हणाल्या. "चहा घ्या. मग तुमचं लेकरू काय करायलंय ते बघा."

मी फळीपुढं बसलो. अर्धा तास बाण फिरवला, फोटो सरकवले, डोकी कापली, चिकटवली. काही नाही. बाण माझ्या बोटामागून आज्ञाधारकपणे चालत होता.

"तुम्ही बसलाव की गरीब गाईवानी चालतंय," सुरेखाताई म्हणाल्या. "सरका."

त्या बसल्या. एक डोकं उचललं, वरच्या रांगेकडे नेऊ लागल्या आणि पडद्यावर ते डोकं सटकन खाली उडालं.

"बघितलाव?"

बघितलं होतं. मी खुशीत आलो. आमच्या कामात दोष डोळ्यांसमोर घडणं हीच मोठी मेजवानी असते. पॅडवरचा प्रत्येक स्पर्श टिपून ठेवणारा प्रोग्राम मी चालू केला आणि त्यांना दहा-पंधरा डोकी इकडून तिकडे न्यायला लावली. मग टिपलेलं बघितलं. बाई एकच बोट टेकवत होत्या, आणि पॅडला मात्र उडीच्या वेळी दोन, कधी तीन स्पर्श दिसत होते. जास्तीचे स्पर्श बारीक, अगदी करंगळीच्या टोकाएवढे. माझ्या नियमानं त्यांना इमानदारीत बोट ठरवलं होतं.

"सुरेखाताई," मी विचारात असल्यामुळे बोलून गेलो, "तुमच्या हाताला बोटं किती आहेत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कामून? पुण्याकडं किती असतेत?"

दुपारी त्यांनी डबा उघडला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची जाडसर चटणी, झणझणीत आमटी. खाता खाता उपसरपंचांचं प्रकरण कळलं. गावात त्यांना अण्णा म्हणतात. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी सुरेखाताई घाईनं फ्लेक्स करत होत्या, अण्णांचं डोकं गोलात बसवताना बाण उडाला, नेमके त्याच क्षणी लाइट गेले, बॅटरी संपत आलेली, म्हणून त्यांनी फार न बघता फाइल छापखान्यात पाठवून दिली. सकाळी फ्लेक्स चौकात लागला. अण्णांच्या माणसांनी तो काढायच्या आत विरोधी पॅनेलच्या पोरांनी त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढले. दुपारपर्यंत जिल्ह्यात कुठल्याच मोबाइलमध्ये तो बोकड यायचा राहिला नव्हता.

"अण्णा म्हणायलेत, विरोधकांनी मला फोडलं. म्या मुद्दाम केलं. सोमवारी पंचायतीची मिटिंग हाय, गाळा काढून घ्यायचा विषय घेतलाय." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "माझ्यानं दुसरं काय व्हायचं न्हाय सर. शेती न्हाय आमाला. ह्या फळीवरच लेकीची शाळा चाललीय."

तोवर मी एका गमतीशीर दोषामागं आलो होतो. त्या दुपारपासून मात्र आमटी जरा जास्तच तिखट लागायला लागली.

मीठ आणि कोळसा

चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या कडेला हात टेकला की मुंग्या येत होत्या. म्हटलं, सापडलं! अर्थिंग नाही. गळकी वीज पॅडला भुताटकीचे स्पर्श दाखवते, हे मी वाचलेलं होतं. सुरेखाताईंनी गावातल्या वायरमनला, रफिकभाईंना, बोलावलं. पन्नाशीचे, पांढरी दाढी, चेहऱ्यावर कायम न्यायाधीशाचं गांभीर्य. त्यांनी बोर्ड उघडून बघितला आणि म्हणाले, "अर्थिंग हायच कुठं? वायर भिंतीत घुसवून सोडून दिलीय. मागं खड्डा घ्यावा लागंल."

गाळ्याच्या मागं खड्डा खणला. त्यात लोखंडी पाइप उभा केला आणि भोवती मीठ आणि लाकडी कोळसा थराथरानं भरायला घेतला. मिठाचं पोतं मी उचलून आणत होतो. ते फुटलं. मी धपकन खाली बसलो, मीठ सांडलं आणि कुठून कोण जाणे, शेळ्यांचा एक अख्खा कळप येऊन मीठ चाटायला लागला. त्यातल्या एकीनं माझ्या पॅन्टचा खिसाही चाटला. सगळं गाव बघायला जमलं. पारावरचे एक म्हातारे काठी टेकत पुढं आले.

"काय पुरायलाव?"

मी अर्थिंग म्हणजे काय ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात रफिकभाई चेहऱ्यावरची रेषाही न हलवता म्हणाले, "साहेब पुण्याहून आलेत चाचा. जास्ती इचारू नका. असल्या कामात बोलायचं नसतंय."

म्हातारे दोन पावलं मागं सरले. मला तेव्हा गंमत वाटली. मीही डोळे मिटून उगीच ओठ हलवले.

खड्ड्यात पाणी ओतून झाल्यावर रफिकभाई म्हणाले, उद्यापर्यंत मुरू द्या. मुंग्या मात्र लगेच थांबल्या.

तेर

दुसरा दिवस मोकळा मिळाला म्हणून बसनं तेरला गेलो. विटांचं जुनं देऊळ बघितलं, तेरणेच्या पात्रात उतरून आलो, नदीत पाण्यापेक्षा बगळे जास्त होते. गाव एवढं जुनं आहे, की इथं कुणी पाया खणला तर आधी दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेजाऱ्याचं खापर लागतं, असं चहावाल्यानं सांगितलं. त्याच्या स्वतःच्या संडासाच्या खड्ड्यात मणी निघाले होते. पुण्यात खणलं की पाण्याची पाइपलाइन फुटते.

संग्रहालयात मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या काचेमागं मांडलेल्या. बांगड्यांपुढं मी बराच वेळ उभा राहिलो, कारण तिथं पंखा होता. डोक्यात टचपॅडच चाललेला. मग पुढं गेलो. माझ्या हुशारीची एवढी एक गोष्ट त्या दिवसापुरती नोंदवून ठेवतो.

बाहेर येऊन धपाटे आणि दही खात होतो, तोच सुरेखाताईंचा फोन.

"सर, तुम्ही अण्णांवर करणी केली म्हणायलेत लोकं."

"काय?"

"मीठ-कोळसा पुरला, मंतर म्हणला, शेळ्या आपोआप गोळा झाल्या. आन कालच्या संध्याकाळपासून अण्णांचं पोट बिघडलंय. सारखं पळायलेत."

"अहो, काहीतरी खाल्लं असेल त्यांनी."

"भाच्याच्या साखरपुड्यात जेवलेत, बारा गुलाबजाम खाल्ले म्हणं. पण ते कोण बघायलंय? आणि सर," त्यांचा आवाज खाली आला, "अर्थिंग झालं तरी आज सकाळी तीनदा उडालं."

दह्याची वाटी तशीच ठेवून मी बस पकडली. रफिकभाईंच्या थट्टेत मी ओठ हलवून भर घातली होती आणि आता तिची किंमत ही बाई मोजणार होती.

पाटल्या

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फळीशेजारी बसलो. सुरेखाताई काम करत होत्या, मी नुसता बघत होतो. बघून काही कळेना. डोळे थकले म्हणून मिटले. आणि तेव्हा ऐकू आलं. टचपॅडच्या कडेवर बारीक आवाज, खण्ण. लगेच त्यांचं, "उडालं बघा मुडदा." थोड्या वेळानं पुन्हा खण्ण, पुन्हा "उडालं."

मी डोळे उघडले. त्यांच्या उजव्या मनगटात काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या आणि त्यांच्या मागंपुढं दोन पिवळ्याधमक पाटल्या.

"या कधी घेतल्या?"

"तुळजापूरला. बेंटेक्सच्या हायत. नवरात्रात."

"आणि बाण उडायला कधीपासून लागला?"

त्यांनी हाताकडं बघितलं. मग माझ्याकडं.

टचपॅडला शरीर ओळखता येतं, ते अंगातून जाणाऱ्या अगदी सूक्ष्म विजेमुळं. हाताला चिकटलेला धातू त्याला हाताचाच भाग वाटतो. काचेची बांगडी त्याला दिसतच नाही. पण पाटलीची कड पॅडच्या खालच्या काठाला लागली, की त्याला तिथं एक बारीकसं नवं बोट उगवलेलं दिसतं आणि तो गोंधळतो. माझा नियम तळहात शोधत होता, मोठा आणि पसरट. आम्ही नियम लिहिणारे सगळे पुरुष, मनगटं मोकळी. पाटली आमच्या कुणाच्या स्वप्नातही आली नव्हती.

खात्री करायला मला स्वतःच्या हातानं बाण उडवून बघायचा होता. सुरेखाताईंनी पाटल्या काढून दिल्या. माझा पंजा रुंद. साबण लावून, दात-ओठ खाऊन मी एक घातली, मग दुसरी. बोट टेकवलं, मनगट खाली आणलं. खण्ण. बाण सटकन उडाला. मी ओरडलो. आनंदानं पुन्हा केलं, पुन्हा उडाला. मग पाटल्या काढायला गेलो तर निघेनात.

नेमके तेव्हाच दारात अण्णा उभे राहिले.

पांढरा शर्ट, तोच काळा गॉगल, चेहरा थोडा उतरलेला. पाठीमागं त्यांच्या पत्नी, गावात सगळे त्यांना आक्का म्हणतात. आणि त्यांच्या मागं चौकातलं सगळं गाव, रफिकभाई धरून. अण्णांनी मला बघितलं. माझा हात बघितला. पिवळ्या पाटल्या, त्यावर साबणाचा फेस.

"आमच्यात," अण्णा सावकाश म्हणाले, "बांगड्या भर म्हणलं तर डोकी फुटतेत. आन तुम्ही हौसेनं घातल्यात?"

"निघत नाहीयेत," मी म्हणालो.

"पुण्यात आता असंच चाललंय का?"

मागं कुणीतरी हसलं. अण्णांनी मान वळवली आणि हसू थांबलं. "खड्ड्यात काय पुरलंय ते आधी सांगा. मग ह्या बाईचं बघू. विरोधकांनी हिला किती दिलं आन तुम्हाला किती दिलं."

"अण्णा," सुरेखाताई पुढं झाल्या, "म्या तुमचं डोकं मुद्दाम न्हाय हो लावलं. ह्या पाटल्यांनी लावलं."

हे वाक्य ऐकायला कसं वाटतं, ते त्यांना बोलून झाल्यावर कळलं. अण्णा गॉगल काढून त्यांच्याकडं बघत राहिले. रफिकभाईंनी तेवढ्यात पुढं येऊन घसा खाकरला आणि सांगितलं, की खड्ड्यात मीठ आणि कोळसा आहे, लाइटसाठी आहे आणि करणीची गोष्ट त्यांनी चाचांची मस्करी म्हणून केली होती. "मस्करी?" अण्णा म्हणाले. "रफिकभाई, माझी दोन दिवस झोप न्हाय." तोंडावरून तरी त्यांचा विश्वास बसल्याचं दिसत नव्हतं. मी अर्थिंग, पॅड, धातू, सगळं सांगायला घेतलं. माझ्या हातातल्या पाटल्या प्रत्येक शब्दाला वाजत होत्या आणि कुणी ऐकत नव्हतं.

तेवढ्यात आक्का आत आल्या आणि फळीपुढच्या खुर्चीवर बसल्या.

"मला दाखव ग सुरेखा. कुठं बोट ठेवायचं?"

"अगं, तू कशाला..." अण्णा म्हणाले.

"गप ऱ्हावा. सुरेखा, ह्यांचं डोकं कुठलं?"

सुरेखाताईंनी पडद्यावर अण्णांचा गोल फोटो काढून दिला आणि तो बोटानं कसा ओढायचा ते दाखवलं. आक्कांनी बोट टेकवलं. त्यांच्या दोन्ही हातांत सोन्याच्या जाड पाटल्या होत्या, बघूनच वजन कळावं अशा. त्या हळूहळू अण्णांना वर ओढू लागल्या. मनगट खाली टेकलं. बाण उडाला आणि अण्णांचं डोकं पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन पडलं.

दारातली गर्दी बघायला पुढं सरकली.

आक्कांनी पुन्हा ओढलं. पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा त्यांनी पाटल्या कोपराकडे सरकवून घट्ट बसवल्या आणि ओढलं. डोकं जिथं न्यायचं तिथं सरळ जाऊन बसलं.

आक्का खुर्चीतच वळल्या. "ह्या पाटल्या माझ्या. घडवल्या कुणी?"

अण्णा हातातला गॉगल शर्टाला पुसायला लागले.

"तुम्ही. सोनाराकडं तुम्हीच बसला होताव. आता सांगा, विरोधकांनी मला किती दिलं?"

"तसं न्हाय..."

"आन डोकं जागेवर न ऱ्हायचं म्हणाल, तर ते मला लग्नापासून ठाऊक हाय. त्यात ह्या लेकीचा काय दोष?"

आता कुणीच हसू आवरलं नाही. अण्णांनी गॉगल पुन्हा चढवला. मी बघत होतो, ओठाच्या एका कोपऱ्यात त्यांनाही हसू फुटत होतं आणि ते मोठ्या निग्रहानं त्याला आत ढकलत होते. शेवटी त्यांनी आपला उजवा हात पुढं केला. मनगटात चांदीचं कडं होतं. "ह्यानं उडतंय का बघू," म्हणाले आणि आक्कांना उठवून स्वतः बसले. कड्यानंही उडालं. अण्णा खुर्चीत मागं टेकले आणि लहान मुलासारखे खूश झाले. मग पुढचा पाऊण तास त्यांनी खुर्ची सोडली नाही.

माझ्या पाटल्या तोवर आक्कांनीच खोबरेल लावून काढल्या. काढताना म्हणाल्या, "हात मऊ हायत हो तुमचे. घरी भांडी घासत न्हाय वाटतं."

मनगटांची जत्रा

नियम बदलायला मला नमुने हवे होते, जितक्या तऱ्हेची मनगटं तितकं चांगलं. मी आक्कांना तसं म्हटलं आणि दुपारपर्यंत गाळ्यापुढं बायकांची रांग लागली. सोनं, चांदी, पितळ, लाख, काच, तोडे, गोठ; एकीनं माळ्यावरच्या पेटीतून सासूचा चांदीचा गोठ मुद्दाम काढून आणला होता आणि तो घातल्यावर आधी सगळ्यांना दाखवून आली, मग पॅडला. जिच्या पाटलीनं बाण उडे तिचा जयजयकार होई. जिच्या लाखेच्या बांगडीनं काहीच होत नसे ती हिरमुसून विचारी, "माझ्या हातात काय खोट हाय का?"

पुण्यात अनोळखी बाईचं मनगट टिपून घ्यायचं म्हटलं असतं तर मला पोलिस चौकीत बसवलं असतं. इथं वर चहा मिळाला, आणि ईटहून आलेल्या सुरेखाताईंच्या यजमानांनी आणलेला ताजा खवा. तो साखर घालून नुसताच खाल्ला आणि त्या दिवशी दुसरं काही खावंसं वाटलं नाही.

नवा नियम असा केला: एक बोट आधीच चालत असताना पॅडच्या खालच्या काठावर बारीक स्पर्श उगवला, तर तो वर सरकून स्वतःला बोट सिद्ध करेपर्यंत त्याला बोट मानायचं नाही. लिहायला छोटा, जमवायला अवघड. पहिल्या प्रयत्नात बाण उडायचा थांबला, पण चालायचाही थांबला. दुसऱ्या प्रयत्नात सुरेखाताईंचा अंगठा पाटली ठरला. "माझ्या बोटाला वळखंना झालंय आता," त्या म्हणाल्या. शेवटी रविवारी संध्याकाळी त्यांनी दोन्ही पाटल्या घालून अण्णांना पडद्यावर चारी कोपरे फिरवून आणलं. खण्ण खण्ण वाजत राहिलं आणि अण्णा कुठंही पडले नाहीत.

सोमवारच्या मिटिंगला मी मागच्या बाकावर बसलो होतो. गाळ्याचा विषय निघाला तसे अण्णा उभे राहिले. "ह्या यंत्रात दोष हाय अशी मला पहिल्यापासून शंका होती," म्हणाले. "म्हणून पुण्याहून तज्ज्ञ बोलावून मी तो शोधून काढला. विषय मागं घेतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सुरेखाताई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, हसू लपवायला की दुसरं काही, ते लांबून कळलं नाही.

पुण्यात

परतल्यावर बदल आमच्या मंडळींकडे तपासायला पाठवला. थंड देशातल्या सहकाऱ्यानं बारा शंका काढल्या. त्यातली पहिली होती, 'पाटली म्हणजे काय?' मी फोटो पाठवले, नोंदी पाठवल्या, आक्कांच्या सोन्याचा आलेख पाठवला. वादावादी होऊन बदल मान्य झाला.

त्यानंतर काही दिवसांनी आमच्या पानावर एका अनोळखी बाईचा निरोप आला. कुठल्या तरी लांबच्या देशातली, अनुवादाचं काम करणारी. तिनं लिहिलं होतं, की कित्येक वर्षं ती रोज कामाला बसताना हातातली आईची कडी काढून टेबलावर ठेवत होती. बाण उडतो तो आपल्यालाच नीट वापरता येत नाही म्हणून, असं तिला वाटायचं. कुणाला विचारायची लाज वाटली.

मी सुरेखाताईंना फोन करून ते वाचून दाखवलं. मागं लॅमिनेशनचं मशीन चालू होतं. त्यांनी ते बंद केलं.

"तिला तुमच्या भाषेत कळवता येतंय का सर?"

"येतं की. काय कळवू?"

"म्हणावं, घाल आता. चार जास्तीच्या घाल. आन वाजव चांगल्या."